'देशी उद्योग' : डंपिंगविरोधी कायद्यातील एका व्याख्येची चिकित्सा

१

कायद्याने एखाद्या शब्दाची व्याख्या करून दिली म्हणजे त्या शब्दाविषयीचा वाद संपला, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. प्रत्यक्षात वादाची केवळ जागा बदलते. पूर्वी जो वाद मूळ शब्दाच्या अर्थाविषयी चालत असे, तो व्याख्येतील शब्दांच्या अर्थाविषयी चालू लागतो. आणि त्याच वेळी मूळ शब्दाचा रूढ अर्थ पडद्याआड राहून वाचकाच्या व निवाडा करणाराच्या मनावर आपला अंमल गाजवीतच असतो. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कायद्यातील 'देशी उद्योग' ही संज्ञा ह्याचे बोधप्रद उदाहरण होय.

परदेशी उत्पादक आपल्या देशात ज्या किंमतीस माल विकतो तिच्याहून कमी किंमतीस तोच माल परदेशी पाठवू लागला, म्हणजे त्यास डंपिंग असे म्हणतात. केवळ डंपिंग झाले एवढ्यावरून आयात करणाऱ्या देशास त्या मालावर जादा शुल्क बसविता येत नाही. त्यासाठी तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात : डंपिंग झाले आहे, देशी उद्योगास भरीव हानी पोचली आहे किंवा पोचण्याचा धोका आहे, आणि ती हानी डंपिंगमुळेच झालेली आहे. ह्यांपैकी पहिली गोष्ट किंमतींच्या हिशेबाने ठरते. दुसरी व तिसरी मात्र हानी कोणाची मोजावयाची हे ठरल्यावाचून सुरूच होऊ शकत नाहीत. विक्री घटली, नफा उतरला, कामगार कमी झाले, ही सारी विधाने कर्त्यावाचून अपुरी आहेत. आणि तो कर्ता 'देशी उद्योग' ह्या दोन शब्दांनी पुरविला जातो. कर्ता बदलला तर तीच आकडेवारी हानीची साक्ष देईल किंवा भरभराटीची.

ह्या व्याख्येतील 'उद्योग' हा चौकशीपूर्वी जगात अस्तित्वात असलेला, केवळ ओळखून काढावयाचा पदार्थ नव्हे. चौकशीच्या ओघात तो घडविला जातो, आणि घडविणारांत संरक्षण मागणारा अर्जदार स्वतः असतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. व्याख्या दुष्ट आहे असा ह्याचा अर्थ नाही. तिच्यातील कोणता शब्द किती भार वाहतो, हे पाहणे मात्र अगत्याचे ठरते.

२

इतिहासात नाम आधी आले आणि व्याख्या पुष्कळ मागाहून आली. डंपिंगविरोधी कायद्यांत आद्य मानला जाणारा कॅनडाचा १९०४ चा कायदा अर्थमंत्री फील्डिंग यांनी मांडला. त्यात हानीची अट नव्हती. ज्या वर्गाचा वा प्रकारचा माल कॅनडात तयार होतो, तसा माल पडत्या किंमतीस आला की शुल्क लागू होई. अर्थात 'उद्योग' ह्या कल्पनेची त्या कायद्यास गरजच भासली नाही. वस्तूचा वर्ग ठरला की पुरे.

अमेरिकेच्या १९१६ च्या कायद्यात 'उद्योग' हा शब्द आला तो हेतूच्या संदर्भात : अमेरिकेतील एखादा उद्योग नष्ट करण्याच्या, त्यास इजा करण्याच्या किंवा त्याची स्थापना होऊ न देण्याच्या हेतूने स्वस्त माल आणणे हा गुन्हा ठरला. १९२१ च्या कायद्याने हेतूची अट सोडून हानीची अट घातली. 'उद्योग' म्हणजे काय, हे मात्र त्याने सांगितले नाही. १९४७ च्या व्यापार व जकात विषयक सर्वसाधारण कराराच्या, म्हणजे गॅटच्या, सहाव्या कलमातही 'प्रस्थापित देशी उद्योग' व 'देशी उद्योगाची स्थापना' हे शब्दप्रयोग आहेत, व्याख्या नाही. शब्द पुरेसा स्पष्ट आहे, अशीच त्या काळच्या मसुदाकारांची धारणा असावी.

व्याख्या आली ती १९६७ च्या डंपिंगविरोधी संहितेत. १९७९ च्या संहितेत व पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेबरोबर १९९५ च्या आरंभी अंमलात आलेल्या करारात ती थोड्याफार फरकाने कायम राहिली. त्या कराराच्या चौथ्या कलमाचा आशय असा : देशी उद्योग म्हणजे सदृश वस्तूचे सर्व देशी उत्पादक मिळून होणारा समूह, किंवा ज्यांचे एकत्रित उत्पादन त्या वस्तूच्या एकूण देशी उत्पादनाचा मोठा हिस्सा होते असे उत्पादक, मात्र जे उत्पादक निर्यातदारांशी वा आयातदारांशी संबंधित आहेत, अथवा स्वतःच तो माल आयात करतात, त्यांना वगळून उरलेले उत्पादक असा अर्थ घेता येईल. भारतात सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ ह्यात १९८२ साली ह्या विषयाची कलमे दुरुस्तीने आली, १९८५ मध्ये पहिले नियम झाले, आणि आजचे नियम १९९५ चे आहेत. त्यांतील व्याख्या ह्याच घडणीची असली तरी तिच्यात एकदोन शब्द अधिक आहेत; त्यांचा विचार पुढे येईल.

ह्या क्रमातून एक गोष्ट ध्यानात येते. 'उद्योग' हे नाम सुमारे पन्नास वर्षे व्याख्येवाचून वावरले आणि त्या अवधीत त्याने राष्ट्राचे कारखाने, राष्ट्राचा रोजगार, राष्ट्राची उद्यमशीलता असा सारा भावार्थ आपल्याभोवती गोळा केला. मागाहून आलेल्या व्याख्येने अर्थ संकुचित केला. भावार्थ मात्र नामाला चिकटलेलाच राहिला.

३

व्याख्येची घडण पाहू. 'देशी उद्योग' ह्याचे स्पष्टीकरण 'उत्पादक' ह्या शब्दाने केले आहे. उत्पादक कशाचे? सदृश वस्तूचे. सदृश कशाशी? 'विचाराधीन वस्तू'शी, म्हणजे ज्या आयात मालाविरुद्ध चौकशी चालली आहे त्याच्याशी. सदृश वस्तू म्हणजे सर्व बाबतींत एकसारखी, आणि तशी नसल्यास गुणधर्मांनी निकटचे साम्य असलेली वस्तू, असे कराराचे दुसरे कलम सांगते. साखळीचे शेवटचे टोक अशा रीतीने परदेशी मालात रोवलेले आहे. संरक्षण ज्याला द्यावयाचे त्याची ओळख, संरक्षण ज्याच्यापासून द्यावयाचे त्याच्यावरून होते. एकाच कारखान्यात तीन प्रकारचे रंगद्रव्य होत असेल, तर एका चौकशीपुरता तो 'उद्योगा'त मोडेल, दुसऱ्या चौकशीत मोडणार नाही.

भारतीय शास्त्रपरंपरेत लक्षणाचे दोष सांगितलेले आहेत. लक्षण लक्ष्याच्या काही भागास लागूच पडत नसेल तर अव्याप्ती. लक्ष्याबाहेरच्या वस्तूंसही लागू पडत असेल तर अतिव्याप्ती. गाय म्हणजे शिंगे असलेला प्राणी, असे म्हटले तर म्हैसही गाय ठरते. दोन पदार्थांची ओळख एकमेकांवर अवलंबून ठेवली तर अन्योन्याश्रय हा दोष होतो. ही मोजपट्टी प्रस्तुत व्याख्येस लावून पाहण्यासारखी आहे.

अतिव्याप्तीचा प्रयत्न अमेरिकेत १९८४ साली कायद्यानेच झाला. त्या वर्षीच्या व्यापार व जकात कायद्याने मद्याच्या बाबतीत 'उद्योग' ह्या शब्दात द्राक्षे पिकविणाऱ्या बागाईतदारांचा समावेश केला. तक्रार युरोपीय आर्थिक समुदायाने केली. अनुदानविषयक संहितेखाली नेमलेल्या निवाडा-समितीने १९८६ च्या अहवालात ही तरतूद संहितेशी विसंगत ठरविली. अहवालास मान्यता मिळाली ती १९९२ मध्ये. द्राक्षे व मद्य ह्या भिन्न वस्तू आहेत. द्राक्षांचा उत्पादक मद्याचा उत्पादक नव्हे. म्हणून तो मद्याच्या उद्योगात येत नाही, अशी ती विचारसरणी होती. सामान्य भाषेत बागाईतदार, मळणारा, भट्टीवाला, बाटल्या भरणारा हे सारे मद्याच्या धंद्यातच मोडतात. परिभाषेने ही रूढी नाकारली आणि तसे करणे योग्यच होते. अन्यथा प्रत्येक वस्तूमागचा कच्चा माल पिकविणारा संरक्षणाचा दावेदार ठरला असता.

अव्याप्ती आढळते ती 'देशी उद्योगाच्या स्थापनेस भरीव अडथळा' ह्या हानीच्या तिसऱ्या प्रकारात. जो उद्योग अद्याप उभाच राहिला नाही त्याचे उत्पादक कोण? लक्षण वर्तमान उत्पादकांचे आहे, आणि लक्ष्य भविष्यकालीन आहे. हा प्रश्न केवळ तार्किक नाही. तुर्कस्तानाहून येणाऱ्या तप्त-लाटित पोलादाविरुद्ध मोरोक्कोने शुल्क बसविले, तेव्हा आपला उद्योग अद्याप 'प्रस्थापित' झालेला नाही, अशी भूमिका त्या देशाच्या अधिकाऱ्यांनी घेतली. ऑक्टोबर २०१८ च्या अहवालात निवाडा-समितीने हा निष्कर्ष सदोष ठरविला. उत्पादन चालू असलेल्या कारखान्यास 'अप्रस्थापित' म्हणावयाचे तर त्यासाठी वस्तुनिष्ठ पुरावा हवा. परंतु तो पुरावा कोणत्या कसोटीवर तोलावयाचा, हे व्याख्या सांगत नाही.

अन्योन्याश्रय हा दोष मात्र अधिक सूक्ष्म आहे. करारातील शब्द पाहिले तर तो तेथे नाही. साखळी सरळ एका दिशेने जाते. व्यवहारात मात्र चौकशी बहुधा अर्जावरून सुरू होते, आणि 'विचाराधीन वस्तू' कोणती हे प्रथम अर्जदारच लिहून देतो. तो स्वतः जे बनवितो तेच वर्णन तो आयात मालास लावतो. मग त्या वर्णनावरून सदृश वस्तू ठरते, सदृश वस्तूवरून उत्पादक ठरतात, आणि त्या उत्पादकांत अर्जदार अग्रभागी दिसतो. कायद्याच्या कागदावर सरळ असलेली साखळी अर्जाच्या कागदावर वर्तुळ होते. चौकशी अधिकाऱ्यांना वस्तूची व्याप्ती बदलता येते व ते ती पुष्कळदा बदलतातही. तथापि पहिली रेघ ओढण्याचा लाभ ज्याचा त्याचा राहतो.

४

व्याख्येतील सर्वांत वादग्रस्त शब्द 'मोठा हिस्सा' हा होय. इंग्रजी पाठात 'मेजर प्रपोर्शन' असे शब्द असून त्यांच्या आधी 'अ' हे अनिश्चित उपपद आहे. ब्राझीलच्या कोंबड्यांवर अर्जेंटिनाने बसविलेल्या शुल्काच्या तंट्यात हा एवढासा शब्द निर्णायक ठरला. अर्जेंटिनाने ज्या उत्पादकांना 'उद्योग' मानले त्यांचे उत्पादन एकूण उत्पादनाच्या ४६ टक्के होते. मोठा हिस्सा म्हणजे निम्म्याहून अधिक, असा ब्राझीलचा युक्तिवाद. निवाडा-समितीने २००३ च्या अहवालात तो फेटाळला. तिने शब्दकोश उघडून 'मेजर' ह्याचा 'विशेष महत्त्वाचा, लक्षणीय' हा अर्थ पुढे केला; स्पॅनिश पाठात त्या ठिकाणी 'इम्पोर्तान्ते', म्हणजे महत्त्वाचा, असा शब्द असल्याचा आधार घेतला; आणि उपपद अनिश्चित आहे त्या अर्थी 'मोठे हिस्से' एकाहून अधिक असू शकतात, व ते प्रत्येकी निम्म्याहून अधिक असणे अशक्य आहे, असे अनुमान काढले.

ह्या युक्तिवादाचे तीनही पाय तपासण्याजोगे आहेत. पहिला पाय शब्दकोशाचा. कोश अर्थांची यादी देतो. त्यांतून निवड संदर्भ करतो. 'मेजर' हे विशेषण 'आजार', 'लेखक', 'शोध' अशा नामांबरोबर येते तेव्हा महत्त्व दाखविते. 'प्रमाण' किंवा 'हिस्सा' ह्यांसारख्या परिमाणवाचक नामाबरोबर, आणि लगेच 'एकूण उत्पादनाचा' हे पद आले असता, ते परिमाण दाखविते हा भाषेचा सामान्य कल आहे. समितीने नामाकडे पुरेसे लक्ष न देता विशेषणाचा अर्थ लावला.

दुसरा पाय अन्य भाषांतील पाठांचा. करार इंग्रजी, फ्रेंच व स्पॅनिश ह्या तीनही भाषांत सारखाच प्रमाण आहे. फ्रेंच पाठात 'मेजर'चाच सहोदर शब्द आहे आणि तो संख्येकडे अधिक झुकतो. स्पॅनिश शब्द महत्त्वाकडे झुकतो. करारांच्या अर्थनिर्णयाविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना संकेतानुसार सर्व प्रमाण पाठांचा अर्थ एकच आहे असे गृहीत धरावयाचे असते. परंतु पाठ दोन दिशांना झुकत असताना त्यांपैकी एकाचाच साक्षीदार बोलाविला, तर तो समन्वय म्हणता येत नाही.

तिसरा पाय उपपदाचा. मोठे हिस्से अनेक असू शकतात हे मान्य केले, तर एकाच वस्तूचे देशी उद्योगही अनेक असू शकतात असे मानणे भाग पडते. चाळीस टक्के उत्पादन करणारा एक गट तोट्यात आहे आणि दुसरा तेवढाच गट नफ्यात आहे. दोघांनाही व्याख्या लागू पडते. मग हानी झाली की नाही? उत्तर केवळ गटाच्या निवडीवर अवलंबून राहील. ज्या व्याख्येतून एकाच प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध व तितकीच वैध उत्तरे निघू शकतात, ती व्याख्या म्हणून आपले काम करीत नाही.

वस्तुतः अर्थाची किल्ली त्याच वाक्यातील 'किंवा' ह्या अव्ययात होती. 'सर्व उत्पादक' आणि 'मोठा हिस्सा असलेले उत्पादक' हे दोन पर्याय विकल्पाने जोडलेले आहेत. दुसरा पर्याय पहिल्याच्या जागी चालावयाचा असेल तर तो पहिल्याचे प्रतिनिधित्व करण्याइतका असला पाहिजे. जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने २०११ मध्ये जवळजवळ हाच मार्ग धरला. चीनमधून येणाऱ्या पोलादी स्क्रू-बोल्टांविरुद्ध युरोपीय संघाने शुल्क बसविले होते. त्या चौकशीत 'उद्योग' मानलेल्या उत्पादकांचा वाटा अवघा २७ टक्के होता. अर्ज ग्राह्य धरण्यासाठी कराराच्या पाचव्या कलमाने २५ टक्क्यांची किमान मर्यादा घातली आहे; तिचाच आधार व्याख्येसाठी घेतला गेला. शिवाय नमुन्यात सामील होण्याची तयारी दाखविणारे उत्पादकच उद्योगात गणले गेले होते. अर्ज करण्याचा अधिकार वेगळा व उद्योगाची व्याख्या वेगळी, असे मंडळाने स्पष्ट केले. मोठा हिस्सा म्हणजे एकूण उत्पादनाचे वास्तव प्रतिबिंब दाखवील इतके तुलनेने उच्च प्रमाण. विखुरलेल्या धंद्यात ते काहीसे कमी चालेल, परंतु निवडीच्या पद्धतीनेच चित्र विकृत होता कामा नये, असा त्याचा निर्णय झाला. ते शुल्क अखेर फेब्रुवारी २०१६ मध्ये रद्द झाले.

ह्या ठिकाणी मराठीच्या अभ्यासकास एक गोष्ट विशेष जाणवेल. मराठीत उपपदे नाहीत. कोंबड्यांच्या तंट्यातील तिसरा युक्तिवाद मराठीत मांडताच येत नाही. 'एक मोठा हिस्सा' असे म्हटले तर 'एक' हा संख्यावाचक होऊन बसतो. उलट, भाषांतरकाराने 'बहुतांश' हा शब्द योजला तर ब्राझीलचा पक्ष न बोलता जिंकतो, आणि 'लक्षणीय अंश' योजला तर अर्जेंटिनाचा. निवाडा-समितीने जो प्रश्न पानेच्या पाने लिहून सोडविला, तो मराठीत पारिभाषिक शब्द निवडणारा मनुष्य एका ओळीत, कदाचित नकळत, सोडवून टाकील.

५

वगळणुकीच्या शब्दांकडे वळू. जो उत्पादक स्वतःच तो माल आयात करतो त्याच्या हितसंबंधांत दुही असते. त्यास वगळण्याची मुभा असणे रास्तच. प्रश्न मुभेच्या स्वरूपाचा आहे. भारताच्या १९९५ च्या मूळ नियमात अशा उत्पादकांना उद्योगाबाहेर मानावे अशी आज्ञा होती. १९९९ च्या दुरुस्तीने आज्ञार्थाच्या जागी विध्यर्थ आला. २०११ च्या दुरुस्तीनंतर, उर्वरित उत्पादक असा अर्थ 'घेता येईल', अशी शब्दरचना आहे. क्रियापदाच्या अर्थातील हा फरक वरवर लहान दिसतो. पण आज्ञा होती तोवर वस्तुस्थिती सिद्ध होताच परिणाम ठरलेला होता. विध्यर्थ आल्यावर परिणाम अधिकाऱ्याच्या विवेकावर गेला. कोणत्या कारणाने वगळावे व कोणत्या कारणाने ठेवावे, हे नियमात लिहिलेले नाही. व्याख्येतील 'शकतो' हा शब्द व्याख्येत उघडी ठेवलेली खिडक होय.

भारतीय व्याख्येत आणखी एक भर आहे : सदृश वस्तूच्या निर्मितीत 'आणि तत्संबंधी कोणत्याही कार्यात' गुंतलेले उत्पादक. ह्यातील 'आणि'चा अन्वय दोन प्रकारे लागतो. समुच्चय मानला तर निर्मिती व संबंधित कार्य ही दोन्ही करणारेच उद्योगात येतील, आणि केवळ निर्मिती करणारा बाहेर पडेल. हा अर्थ उघडच अनिष्ट आहे. पृथक् अन्वय मानला तर केवळ संबंधित कार्य करणाराही आत येऊ पाहतो, आणि द्राक्षांचा बागाईतदार मागील दाराने पुन्हा प्रवेश करतो. वाक्याचे मुख्य पद 'देशी उत्पादक' हे आहे एवढ्याच आधारावर हा दुसरा अर्थ रोखता येतो. मूळ करारात नसलेली ही पदावली काय साधण्यासाठी घातली गेली, हे शब्दांवरून कळत नाही. आणि ज्या शब्दांचे प्रयोजन कळत नाही ते शब्द वादाला आमंत्रण देतात.

नियमात न सांगितलेली वगळणूकही घडते. जर्मनी व इटली येथून येणाऱ्या हलक्या मालवाहू वाहनांविरुद्ध रशियाने लावलेल्या शुल्काच्या तंट्यात, चौकशी अधिकाऱ्यांनी एका देशी उत्पादकाची माहिती सदोष असल्याच्या कारणावरून त्यास उद्योगाबाहेर ठेवले होते. मार्च २०१८ मध्ये अपील मंडळाने हे करारास धरून नाही असे ठरविले. माहिती सदोष असणे हा माहितीचा दोष; त्यामुळे उत्पादक उत्पादक असण्याचे थांबत नाही. शिवाय आकडे पाहून मग उद्योग ठरविला, की उद्योग ठरवून मग आकडे पाहिले, हा क्रमाचा प्रश्न येथे उभा राहतो. लक्षण आधी व परीक्षा नंतर, हा क्रम उलटला तर परीक्षेचे फळ आधीच ठरलेले असते.

६

व्याख्येत कोण येतो ह्याइतकेच कोण येत नाही हेही बोलके आहे. कामगार येत नाही. कराराच्या पाचव्या कलमाच्या एका तळटीपेत एवढेच नोंदविले आहे की, काही देशांत उत्पादकांचे कामगार किंवा त्यांचे प्रतिनिधी अर्ज करू शकतात वा अर्जास पाठिंबा देऊ शकतात. म्हणजे दार ठोठावण्याची परवानगी मिळू शकेल. घरातील माणसांत मात्र गणना नाही. रोजगारातील घट हानी मोजताना विचारात घेतली जाते, पण ती उद्योगाची हानी म्हणून. तो माल वापरणारे कारखाने व ग्राहक ह्यांना माहिती सादर करण्याची संधी सहाव्या कलमाने दिली आहे. तेही उद्योगाबाहेरच राहतात.

ह्याचा व्यवहारातील परिणाम भारतात स्पष्ट दिसला तो शुद्ध टेरेफ्थॅलिक आम्लाच्या, म्हणजे पीटीएच्या, बाबतीत. पॉलिस्टरचा धागा ज्यापासून होतो ते हे रसायन देशात मोजकेच कारखाने तयार करतात. कायद्याच्या भाषेत 'देशी उद्योग' म्हणजे तेच मोजके कारखाने. धागा काढणारे, सूत वळणारे, भिवंडीपासून सुरतेपर्यंतचे कृत्रिम धाग्याचे कापड विणणारे यंत्रमाग, हे कोणीही त्या संज्ञेत बसत नव्हते, कारण ते पीटीए बनवीत नाहीत. ते पीटीएपासून पुढचा माल बनवितात. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने ह्या आम्लावरील डंपिंगविरोधी शुल्क व्यापक लोकहिताचे कारण देऊन काढून टाकले. म्हणजे जे हित व्याख्येच्या चौकटीत मावत नव्हते ते चौकटीबाहेरून, अर्थमंत्र्यांच्या निर्णयाने, दाखल करावे लागले.

'देशी' ह्या विशेषणाचीही हीच कथा आहे. कायद्याचे 'देशी' उत्पादनाच्या ठिकाणाशी संबद्ध आहे, मालकीशी नाही. परकीय कंपनीचा भारतातील कारखाना देशी उद्योगात गणला जाऊ शकतो; भारतीय मालकीचा परंतु परदेशातून माल आणून विकणारा कारखानदार वगळला जाऊ शकतो. परंतु मराठी वाचकाच्या कानावर 'देशी' हा शब्द पडतो तेव्हा त्यामागे १९०५ च्या स्वदेशी चळवळीपासूनचे संस्कार जागे होतात. 'देशी उद्योगावर आघात' ह्या मथळ्याने राष्ट्रावर आघात झाल्याची भावना उत्पन्न होते. कायद्याच्या हिशेबात त्याचा अर्थ एका विशिष्ट वस्तूच्या काही विशिष्ट उत्पादकांचा नफा घटला, एवढाच असू शकतो. मथळा खोटा नसतो. तो एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गुपचूप उतरलेला असतो.

७

ह्यावर असा आक्षेप येईल की, प्रत्येक शास्त्र रूढ शब्दांना नवा अर्थ देतच असते. पाणिनीने 'गुण' व 'वृद्धी' हे लोकांतले शब्द घेऊन त्यांना आपल्या शास्त्रापुरता अर्थ दिला, आणि संज्ञेचा कृत्रिम व लौकिक असे दोन अर्थ संभवत असता शास्त्रात कृत्रिमच घ्यावा, असा संकेत वैयाकरणांनी मानला. मग कायद्याने 'उद्योग' शब्दाचे तेच केले तर बिघडले कोठे? उत्तर असे की, व्याकरणातील 'वृद्धी' व्याकरणाबाहेर जात नाही; तिच्यामुळे कोणाच्या मालावर शुल्क बसत नाही. 'देशी उद्योग' हा शब्द मात्र चौकशी अहवालातून वृत्तपत्रात, तेथून विधिमंडळात व सभेत जातो, आणि प्रत्येक ठिकाणी आपला लौकिक अर्थ पुन्हा धारण करतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. व्याख्या अरुंद आहे म्हणूनच संरक्षणास मर्यादा राहते. तिच्यात कामगार, कच्च्या मालाचे उत्पादक, वापरणारे कारखाने असे सारे कोंबले, तर एकतर प्रत्येक जण हानीचा दावा करील, किंवा एकाचा तोटा व दुसऱ्याचा लाभ एकमेकांत मिसळून हानी कधीच दिसणार नाही. हे खरे आहे, आणि द्राक्ष-मद्याच्या निवाड्याचे महत्त्व ह्यातच आहे. म्हणून येथे व्याख्या रुंद करावी असे सुचवावयाचे नाही. सुचवावयाचे आहे ते एवढेच की, अरुंद पदार्थास अरुंद नाव असावे.

हिंदी राजपत्रात 'घरेलू उद्योग' ही संज्ञा रूढ झाली आहे. मराठी वृत्तपत्रे 'देशांतर्गत उद्योग' किंवा 'देशी उद्योग' असे लिहितात. पारिभाषिक लेखनापुरती तरी 'सदृश वस्तूचे देशी उत्पादक', किंवा संक्षेपाने 'देशी उत्पादकवर्ग', ही संज्ञा अधिक प्रामाणिक ठरेल. तिच्यात व्याख्येचा मुख्य घटक उघड दिसतो. आणि कोणत्या वस्तूचे उत्पादक, किती उत्पादक, हे प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप उभे राहतात. 'उद्योग' हा शब्द हेच प्रश्न झाकून टाकतो. 'मेजर प्रपोर्शन'साठी 'बहुतांश' टाळून 'प्रातिनिधिक मोठा हिस्सा' असे म्हटले, तर २०११ च्या निर्णयाचा आशय शब्दातच उतरेल.

नावाबरोबर रीतही सुधारली पाहिजे. उत्पादक कोणकोणते मानले, त्यांचा वाटा किती, कोणास वगळले व कोणत्या कारणाने, हे हानीचा एकही आकडा तपासण्यापूर्वी ठरवून नोंदविणे, हीच अन्योन्याश्रयातून सुटण्याची वाट होय. वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील व्यापार उपाय महासंचालनालयाच्या निष्कर्षांत अर्जदाराच्या पात्रतेचे व उद्योगाच्या व्याप्तीचे स्वतंत्र प्रकरण असतेच. ते औपचारिकतेपुरते न राहता साऱ्या निष्कर्षाचा पाया म्हणून वाचले गेले पाहिजे. डिसेंबर २०१९ पासून अपील मंडळाचे काम सदस्यांअभावी ठप्प झालेले आहे. शब्दाचा अर्थ अखेरच्या पायरीवर सुधारून घेण्याची सोय त्यामुळे उरलेली नाही, आणि अर्थाची जबाबदारी पहिल्या पायरीवर, म्हणजे राष्ट्रीय अधिकाऱ्यांवर व त्यांचे अहवाल वाचणाऱ्यांवर, येऊन पडली आहे. संरक्षण कोणास मिळाले हे कळावयाचे असेल तर अहवालाच्या शेवटी दिलेला शुल्काचा तक्ता पुरेसा नाही. प्रारंभी 'देशी उद्योग' ह्या दोन शब्दांखाली कोणाची नावे आली आणि कोणाची आली नाहीत, तेथूनच वाचनास आरंभ करावा लागेल.